गाडायची मोहरी

आप्पांनी एकदाचं सांगून टाकलं. खालचं शेत थोरल्याला, वरचं धाकट्याला, रस्त्याकडेची जागा मुलीला, आणि घर आपण आहोत तोवर आपलं. मग त्यांनी कप उचलून गरम चहाचा मोठा घोट घेतला. जीभ चांगलीच पोळली, पण त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

समोरच्या खोलीत सगळे जमले होते. थोरला खिडकीपाशी बसून बोटात गाडीची किल्ली फिरवत होता. शहरात इमारती बांधणारा हा मुलगा बऱ्याच महिन्यांनी आज घरी आला होता. त्याच्याच गाडीतून आलेली मधली मुलगी, जिला सगळे ताई म्हणत आणि थोरला तेवढा मने, औषधांच्या दुकानातून सुट्टी काढून आली होती आणि पर्सचा बंद उगाच घट्ट करत होती. धाकटा दारातच उभा होता. शेतातून तसाच आल्यामुळे आत यावं की पाय धुऊन यावं, हे त्याचं अजून ठरत नव्हतं. त्याची बायको स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती. आप्पा तिच्याकडे बघायचं टाळत होते.

"खालचं म्हणजे मोहरीचं?" धाकट्याने विचारलं.

"आपल्याकडे दोनच शेतं आहेत. खालचं म्हणजे खालचंच."

"नाही, मला वाटलं होतं की..."

"काय वाटलं होतं?"

आप्पांच्या 'काय'पुढे त्याची जीभ लहानपणापासून अडायची. लग्न झालं, कानावरचे केस पिकले, तरी अडायचीच.

"आप्पा, ते शेत आम्ही उभं केलंय," धाकटी सून चौकटीतूनच म्हणाली.

"शेत उभं नसतं, आडवं असतं," थोरला म्हणाला आणि स्वतःच हसला. दुसरं कुणी हसलं नाही, तेव्हा त्याने किल्ली खिशात टाकली.

"तुम्ही खरवडून नेलं होतं, दादा, तेव्हा आडवं होतं. पार आडवं."

"झालं! निघाली मढी उकरून," थोरला म्हणाला. "आप्पा, म्हणूनच मी येत नव्हतो."

आप्पांनी कप खाली ठेवला. त्यांना सगळं आठवत होतं. थोरल्याने पहिलं बांधकाम घेतलं तेव्हा भरावाला माती हवी होती, आणि आपणच खालच्या शेताची वरची माती हातभर खोल खरवडून दिली होती. ट्रक भरताना आपण बांधावर उभे होतो. खाली नुसता मुरूम उघडा पडला. त्याच्यावर गवतसुद्धा धड येईना, पाणी पडलं की वरच्या वर वाहून जाई. मग ही सून आली. रोपवाटिका चालवणाऱ्याची मुलगी, हातात माती घेऊन वास घेणारी. तिने त्या उजाड तुकड्यावर पांढरी मोहरी पेरायला सुरुवात केली. मोहरी भराभर वाढे, पिवळी फुलं येत, आणि दाणा धरायच्या आत हे दोघं सगळं पीक नांगराखाली घालून मातीत गाडून टाकत. हिरवळीचं खत. दर वर्षी पेरायचं आणि पुरायचं. शेजारचा दूधवाला विचारायचा, "आप्पा, सून पीक काढायचं विसरते का हो दर वर्षी?" आप्पाही त्याच्याबरोबर हसायचे. पण मुळं मुरमात उतरत गेली, खाली गाडलेला पाला कुजत गेला आणि जमिनीचा रंग बदलत गेला. गेल्या हंगामात तिथे आलेली गाजरं हातभर लांब आणि सरळ होती. आप्पांनी ती गुपचूप मोजून पाहिली होती.

हे सगळं त्यांना ठाऊक होतं. पण थोरल्याने फोनवर म्हटलं होतं, "तिथे घर बांधीन, आप्पा. पूर्वेला तुमची खोली. इथलं सगळं पोरांवर सोपवून येतो परत." त्या एका वाक्यावर आप्पांनी कित्येक महिने काढले होते.

"मी शब्द दिलाय," ते म्हणाले. "आता त्यात बदल नाही."

धाकटी आत गेली.

ताई तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. धाकटी नळ पूर्ण सोडून एकच पातेलं घासत होती, घासून स्वच्छ झालेलं.

"वहिनी, तो नळ बंद कर आधी."

"तुम्हाला माहीत होतं ना, ताई?"

"वाटणीचं होतं. माझी रस्त्याकडेची जागा पक्की होत होती, मी गप्प बसले. खोटं कशाला बोलू?"

"बरं केलंत." धाकटीने पातेलं पालथं घातलं. "वरच्या शेतात दगड तेवढे पिकतात. तिथेही पेरीन मोहरी. माझं आयुष्य काय, पेरायचं आणि पुरायचं. पण खालच्या मातीतलं तरी कुणाच्या पोटात जाईल. दादांनी घर बांधलं तरी मागे चार वाफे करतील. मोठ्या जाऊबाईंना भाजीची हौस आहे."

ताईने पर्स ओट्यावर ठेवली आणि परत उचलली. येताना गाडीत थोरला मजेत होता, त्यामुळे जरा जास्तच बोलला होता. ताईने ते इथवर पोटात ठेवलं होतं. पण 'चार वाफे' ऐकल्यावर तिला ते ठेववेना.

"घर नाही बांधणार तो," ती म्हणाली.

"मग?"

"गोदाम. सगळ्या शेतभर पक्की फरशी. आणि फरशीच्या आधी वरची माती काढून विकणार. म्हणतो, आता चांगली काळी झालीय, बागा करणारी माणसं हातोहात उचलतील."

धाकटी पदराला हात पुसत राहिली. हात कधीच कोरडे झाले होते.

"परत?" तिने विचारलं.

"परत."

"आणि आप्पांना?"

"आप्पांना पूर्वेची खोली सांगितलीय."

धाकटी खिडकीपाशी गेली. तिथून खालचं शेत दिसत होतं, सगळं पिवळं. मोहरी ऐन फुलोऱ्यात होती, काड्या अजून कोवळ्या, बोटाने मोडाव्यात अशा. उद्या नांगर घालायचा ठरलं होतं. उशीर झाला की काडी निबर होते, कुजत नाही. शेंगा भरल्या की दाणे गळतात आणि मग पुढे कितीतरी वर्षं दुसऱ्या कुठल्याही पिकात मोहरीच उगवत राहते.

"तशीच सोडून देते," ती म्हणाली. "पिकू दे, गळू दे. उपटत बसू देत."

"गोदामाच्या फरशीतून काय उपटणार तो?"

हे खरं होतं, आणि ते खरं असल्याचा धाकटीला भयंकर राग आला.

"ताई, उद्या सकाळी विळा धराल का?"

"मी? वीस वर्षांत धरला नाही."

"हात कापला तर औषध तुमच्याचकडे आहे."

ताई नको नको म्हणताना हसली. हसू ओसरलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण हो म्हणून बसलो आहोत.

संध्याकाळी थोरल्याने धाकट्याला शेताकडे नेलं. बांधावरून चालताना त्याच्या बुटांना माती लागत होती आणि त्याला ते आवडत होतं. मऊ, भुसभुशीत. चांगला भाव यायला हरकत नाही. लगेच त्याला स्वतःचीच थोडी लाज वाटली, आणि लाज वाटली की तो भावाच्या खांद्यावर हात टाकायचा. तसा त्याने टाकला.

"रागावलास?"

"नाही."

"रागव ना लेका. मी तुझ्या जागी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं."

"तू घेतोसच. म्हणून तुला मिळतं," धाकटा म्हणाला.

थोरला जरा चपापला. याला बोलता येतं, हे तो दर वेळी विसरायचा. त्याला आठवलं, याच शेतात लहानपणी दोघं कुस्ती खेळायचे आणि धाकटा चित झाला तरी रडायचा नाही, नुसता आभाळाकडे बघत पडून राहायचा. हा स्वभाव फार सोयीचा आहे, असं थोरल्याला तेव्हाही वाटायचं.

"हे कधी गाडणार?" त्याने फुलांकडे हात केला.

"उद्या. का?"

"गाडून टाक. उशीर नको करू. कुजायला किती दिवस लागतात?"

"दोनतीन आठवडे. पण तुला कशाला घाई? घर तर तू एवढ्यात नाही बांधत."

"माती चांगली झालेली बरी," थोरला म्हणाला. "जमीन आहे, तिला उपाशी कशाला ठेवायची? तूच म्हणतोस ना नेहमी?"

हे धाकट्याचंच वाक्य होतं. थोरल्याच्या तोंडून ऐकताना ते त्याला आवडलं. दादाला जमिनीबद्दल काही वाटतं, एवढं त्याला पुरलं. तो वाकला, एक रोप उपटलं, त्याची मुळं भावाला दाखवली. सरळ, पांढरी, लांब.

"बघ, कुठवर गेलीत."

"वा," थोरला म्हणाला आणि त्याने घड्याळाकडे बघितलं.

सकाळी धाकटा उठला तेव्हा बायको जागेवर नव्हती. तो अंगणात आला. खालच्या टोकाला मोहरीचा एक पट्टा कापलेला दिसत होता. धाकटी, ताई आणि नेहमी निंदणीला येणाऱ्या दोघीजणी ओणव्या होऊन विळे चालवत होत्या. बांधावर दूधवाल्याचा टेम्पो उभा होता आणि त्यात हिरवे-पिवळे भारे चढत होते.

तो धावतच खाली गेला.

"काय चाललंय?"

"वर नेतेय," धाकटी मान वर न करता म्हणाली. "आपल्या शेतात. तिथे पसरायची आणि तिथेच गाडायची."

"अगं, पण ती इथली आहे."

"बी मी आणलं, पेरलं मी. शेत त्यांचं, पीक माझं."

"दादाला काय सांगू?"

"सांगा, माती विकायची तर हडकुळी विका."

धाकट्याला काही कळलं नाही. ताई कमरेवर हात ठेवून सरळ झाली आणि काल स्वयंपाकघरात जे सांगितलं होतं ते तिने त्याला सांगितलं. सांगताना ती त्याच्याकडे न बघता विळ्याच्या पात्याकडे बघत होती.

"दादाने काल मला सांगितलं, गाडून टाक म्हणून," धाकटा म्हणाला.

"सांगणारच. माती काळी दिसली की गिऱ्हाईक खूश."

त्याने वरच्या टोकापर्यंतच्या पिवळ्या फुलांवरून नजर फिरवली. मग वळला आणि शेडकडे गेला. धाकटीने ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज ऐकला आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. "ट्रॉली घेऊन येतायत," ती ताईला म्हणाली. "आता टेम्पोची गरज नाही."

ट्रॅक्टर शेताच्या वरच्या टोकाला आला. त्याला ट्रॉली जोडलेली नव्हती, नांगर होता. फाळ खाली गेले आणि पिवळी फुलं आडवी होऊन मातीखाली जाऊ लागली.

"अहो!" धाकटी ओरडली. इंजिनाच्या आवाजात ते पोचलं नाही, किंवा पोचलं तरी त्याने वळून बघितलं नाही.

ताई म्हणाली, "थांबवते त्याला."

"नको. कापा. जेवढं मिळेल तेवढं कापा."

मग दोन्ही टोकांनी शेत कमी होत गेलं. खालून बायका कापत होत्या आणि वरून तो गाडत होता. मध्ये पिवळा तुकडा उरत गेला, त्यावर मधमाश्या दाटत गेल्या. धाकट्याला बायकोची पाठ दिसत होती, ओणवी, एकदाही न थांबणारी. आपण हे कशासाठी करतोय ते त्याला नीट सांगता आलं नसतं. दादासाठी नाही. आप्पांसाठीही बहुतेक नाही. फुलोऱ्यावर आलेली मोहरी इथे गाडायची असते, एवढंच त्याच्या हातापायांना माहीत होतं, आणि ज्या सकाळी बाकी सगळं हातातून सुटत होतं त्या सकाळी त्याने तेवढंच धरून ठेवलं.

शेवटच्या तुकड्यापाशी दोघं समोरासमोर आली. त्याने ट्रॅक्टर बंद केला.

"कुणासाठी गाडलंत?" तिने विचारलं.

"मातीसाठी."

"ती माती ट्रकात बसून जाणार आहे."

"जाईपर्यंत इथे आहे ना."

"माझ्यासोबत एकदा तरी उभं राहायचं होतं," ती म्हणाली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात आप्पा काठी टेकत बांधावर आले. त्यांच्या मागे थोरला होता, उशिरा उठलेला, हातात टूथब्रश.

"हा काय तमाशा आहे?" आप्पा धाकटीला म्हणाले. "कुणाला विचारून कापलंस?"

"कुणालाच नाही. आप्पा, दादा इथे घर नाही बांधणार. गोदाम बांधणार आहेत, आणि त्याच्या आधी माती विकणार आहेत. मागच्यासारखी."

"तोंड सांभाळ."

"विचारा ना त्यांना. इथेच आहेत."

आप्पा थोरल्याकडे वळले. विचारायला त्यांनी तोंड उघडलं, पण प्रश्न बाहेर येईना. थोरल्यानेच तो सोपा करून घेतला.

"आप्पा, गोदामाला चांगली मागणी आहे सध्या. घराचं बघू की पुढे. पळून का जातंय घर?"

"पूर्वेला खोली म्हणाला होतास."

"गोदामाच्या वर काढू ना एक खोली. पूर्वेला काढू."

ताईने विळा खाली टाकला. "दादा, निदान आज तरी खोटं बोलू नकोस रे."

"तू गप्प बस, मने. तुला जागा मिळाली ना?"

"मिळाली. म्हणूनच काल गप्प बसले."

आप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. त्यांना वाटलं, आपण एक शब्द बोललो तर अजून हे थांबेल. वाटणी आपणच केली, आपणच फिरवू शकतो. पण मग थोरला गाडीत बसेल, आणि या वेळी गेला की परत येणार नाही. त्यांनी नांगरलेल्या भागाकडे बघितलं, कापलेल्या भागाकडे बघितलं, आणि शेवटी सुनेकडे बघितलं. कालपासून पहिल्यांदाच.

"तुझ्यामुळे हे ऐकायची वेळ आली माझ्यावर," ते म्हणाले. मग थोरल्याला म्हणाले, "चल घरी. जेवल्याशिवाय निघू नकोस."

दोघं चढावरून घराकडे निघाले. थोरल्याने आप्पांचा हात धरला होता आणि आप्पांनी तो धरू दिला.

धाकटी उरलेले भारे टेम्पोत टाकू लागली. कापलेली मोहरी उन्हात लगेच मान टाकते, हिरवी आहे तोवरच ती वर पोचायला हवी होती. धाकट्याने एक भारा उचलला. तिने तो त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः आत टाकला.

"मी येतो वर," तो म्हणाला.

"नको. आम्ही चौघी आहोत."

"मग कधी येतेस घरी?"

ती आणि ताई भाऱ्यांवरच बसल्या, निंदणीच्या बायका पुढे ड्रायव्हरशेजारी. टेम्पो दगडांवरून हिंदकळत वरच्या शेताच्या वाटेला लागला. ताईने रुमाल बोटाला गुंडाळला होता, तो लाल झाला होता.

चढावर आप्पा थांबले. "तूही ये रे," त्यांनी धाकट्याला हाक मारली. "जेवायची वेळ झाली."

धाकटा टेम्पो दिसेनासा होईपर्यंत उभा राहिला. मग पाय धुतले आणि घरात गेला.

आप्पा आणि थोरला टेबलापाशी बसले होते. तो त्यांच्या समोर बसला. थोरला गोदामाला जोडणाऱ्या रस्त्याबद्दल काही सांगत होता आणि आप्पा मान हलवत होते. बराच वेळ गेला. आतून भांड्याचा आवाज येईना, तसा थोरला उठून स्वयंपाकघरात गेला. झाकणं काढल्याचे आणि परत ठेवल्याचे आवाज आले.

"अरे, इथे तर काहीच नाही," तो आतून म्हणाला. "चूलही पेटलेली नाही."

"थांब जरा," आप्पा म्हणाले. "येईल ती. जाते कुठे?"

थोरला परत येऊन बसला. तिघे तसेच बसून राहिले.